कोटेशनवर न छापलेली ओळ

फूटमॅट फुकट पाहिजेत म्हणून सेल्सच्या पोराशी पाऊण तास भांडलेला माणूस माझ्या टेबलासमोर बसला की एकदम मवाळ होतो. आधार-पॅनची झेरॉक्स पुढे सरकवतो, खिशातून स्वतःचं पेन काढतो आणि म्हणतो, "सही कुठं करायची तेवढं सांगा, साहेब." बाराशे रुपयांच्या मॅटसाठी ज्यानं दोनदा उठून जायची धमकी दिली, तोच माणूस इथं दोन-सव्वादोन लाखांचं व्याज आणि चाळीस-पन्नास हजारांचा विमा एका दमात मान्य करतो.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये मी फायनान्स-इन्शुरन्स मॅनेजर आहे. बारा-तेरा वर्षं झाली. शोरूमचं नाव सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही. इथून कराड-साताऱ्यापर्यंत कुठल्याही शोरूममध्ये जा, काचेची केबिन तीच आणि टेबलही तेच. माझं काम नेमकं काय हे ग्राहकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. कुणाला मी बँकेचा वाटतो, कुणाला आरटीओचा. तासगावकडच्या एका आजोबांनी तर मला सगळा वेळ 'भाऊसाहेब' म्हटलं, तलाठ्याला म्हणतात तसं. मीही दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

माझं म्हणणं त्या 'भाऊसाहेब'भोवतीच आहे. आपल्याकडे घासाघीस वस्तूची होते, कागदाची होत नाही. सातबारा, सोसायटीचा दाखला, बँकेचा फॉर्म, यांच्यासमोर माणूस पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभा राहिला आहे. त्यामुळे टेबलावर कागद आला की समोरचा माणूस विक्रेता आहे ही शंकाच त्याच्या मनात येत नाही. आणि मी तर शोरूममधला सगळ्यात पक्का विक्रेता. सेल्सचा पोरगा गाडी विकतो, मी कर्ज विकतो, विमा विकतो, कोटिंग विकतो, एक्स्टेंडेड वॉरंटी विकतो. प्रत्येकावर शोरूमला काहीतरी मिळतं आणि त्यातलं थोडं मला. माझ्या महिन्याच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा इन्सेंटिव्हचा असतो. हे ग्राहकाच्या हातातल्या कोटेशनवर कुठेही लिहिलेलं नसतं. एक्स-शोरूम, टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, सगळ्या ओळी असतात. आम्हाला बँकेकडून आणि विमा कंपनीकडून काय मिळणार, ती ओळ नसते. ती छापली जावी, रुपयांत, आणि सही घेण्याआधी, एवढंच मला म्हणायचं आहे. या धंद्यात राहूनच म्हणतोय.

आधी पैशाचं बोलू. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं. नऊ टक्के रिड्युसिंगनं, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून, हप्ता बसतो १६,६०७. दहा टक्क्यांनी १६,९९८. फरक महिन्याला ३९१ रुपये. "चारशेनं काय होतंय, साहेब, फाईल आजच पास करून देतो," हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याचा हिशोब नाही. पाच वर्षांत त्या चारशेचे साडेतेवीस हजार होतात. माझा अनुभव असा की ज्या बँकेचा दर चढा, तिचा पेआउटही, म्हणजे ती शोरूमला देते ते कमिशनही, बहुधा चढा. मग दोन बँकांत एकाच वेळी फाईल टाकली असेल तर ग्राहकाला आधी कुठल्या मंजुरीचा फोन जाईल, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

त्यात 'फ्लॅट'ची गंमत वेगळी. सहा टक्के फ्लॅट म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो. बँक नऊ मागते आणि हा भला माणूस सहात देतोय! पण फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज चालूच राहतं. त्याच आठ लाखांवर पाच वर्षांचं व्याज होतं २ लाख ४० हजार, हप्ता १७,३३३. रिड्युसिंगच्या भाषेत तो दर पावणेअकराच्याही वर जातो. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलं. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, त्यामुळे फ्लॅटचा खेळ कागदावर तरी उघडा पडतो. चांगलं झालं. पण तो कागद तिसाव्या सहीच्या आसपास येतो. दसऱ्याच्या सकाळी बाहेर घरची सगळी मंडळी नारळ-पेढे घेऊन उभी असतात, मुहूर्त टळत असतो, गाडी आधी गणपतीच्या देवळाकडे न्यायची असते. तेव्हा वर्षाचा खरा दर वाचत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कर्जाला जोडलेली जीवनविमा पॉलिसी हा त्याच फायलीतला आणखी एक कागद. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल अशी पॉलिसी. घरात एकच कमावता असेल आणि दुसरा कसलाही विमा नसेल तर वाईट गोष्ट नाही ती. पण तिचा हप्ता रोख मागितला तर निम्मे लोक नको म्हणतील, म्हणून तो कर्जातच मिळवतात. अठरा हजारांची पॉलिसी दहा टक्क्यांनी पाच वर्षांत २२,९४७ ला पडते. आणि ती घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असं ग्राहकाला वाटत राहतं. तसं स्पष्ट आम्ही म्हणत नाही. फक्त तसं नाही असंही म्हणत नाही.

दर महिन्याच्या मीटिंगला भिंतीवर दोन आकडे लागतात: फायनान्स पेनिट्रेशन आणि इन्शुरन्स पेनिट्रेशन. शंभर गाड्या गेल्या, त्यांतल्या किती आपल्या कर्जावर आणि किती आपल्या विम्यावर. किती ग्राहकांना योग्य विमा मिळाला, असा तक्ता मी आजवर कुठल्या मीटिंगमध्ये पाहिलेला नाही. मोजायचा म्हटला तरी कसा मोजणार म्हणा.

मला तो एकदाच मोजता आला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. हरिपूर रस्त्यावर राहणारे, हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेले एक गृहस्थ. आदल्या दसऱ्याला त्यांनी माझ्याकडून गाडी घेतली होती. पाणी उतरल्यावर त्यांनी चिखल काढला, सीटवरची माती धुतली आणि किल्ली फिरवली. गाडी चालू होते का बघावं, एवढंच मनात. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टनला ते पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर आला. सीट, वायरिंग, कार्पेट मंजूर, कारण पुराचं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीतही धरतात. इंजिन नामंजूर, कारण ते पाण्यानं गेलं नाही, पाण्यात चालू केल्यानं गेलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. ते त्यांच्या पॉलिसीत नव्हतं. वर्षाला दोन-तीन हजारांची गोष्ट, बिल आलं दीड लाखाच्या आसपास.

मी कपाटातून त्यांची फाईल काढली. अंडरबॉडी कोटिंग होतं, कर्जाला जोडलेली पॉलिसी होती. इंजिन प्रोटेक्ट का नव्हतं तेही आठवलं. त्यांनी बाहेरून एक कोटेशन आणलं होतं, आमच्यापेक्षा कमी. ते पॉलिसी बाहेरून घेतील या भीतीनं मी आमच्या कोटेशनमधून एकेक कव्हर उतरवत आकडा खाली आणला होता. त्या महिन्यात कोटिंगवर स्कीम होती, ते तसंच ठेवलं. दिवाणजी ओरडले नाहीत. फाईल बघत एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगलीचेच ना हो?"

कृष्णेकाठच्या गावात बसून नदीचा विमा काढून टाकला आणि गंजाचं कोटिंग ठेवलं, असा त्याचा अर्थ होता. मी दुष्ट होतो म्हणून ते केलं नाही. त्या खुर्चीतून त्या दिवशी तोच हिशोब शहाणपणाचा वाटत होता. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, त्यानंतर मात्र गिऱ्हाईक स्वतःहून विचारतं, "पाण्याचं घातलंय न्हवं?" नदीनं शिकवलं ते आम्ही शिकवायला हवं होतं.

ज्यांना सगळे फायनान्सवाले चोर वाटतात, त्यांच्याशी माझा मतभेद इथं आहे. संशय सरसकट झाला की माणूस कोटिंगबरोबर इंजिन प्रोटेक्टही नाकारतो, कारण दोन्ही एकाच तोंडातून आलेली असतात. झीरो डेपचंही, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणाऱ्या कव्हरचंही, तेच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यात जाते, आणि आजकालच्या गाडीचा बंपर असतो कशाचा? नव्या गाडीला ते घ्यावं असं मी स्वतःच्या भावालाही सांगितलंय. पण गिऱ्हाईकाला सांगायला गेलो की तो डोळे बारीक करून बघतो. माझ्या चांगल्या सल्ल्याला किंमत उरत नाही, कारण त्याच्यामागे किती पैसे आहेत हे त्याला दिसत नाही. दिसत नसलेली गोष्ट तो दुप्पट-तिप्पट धरतो.

नो क्लेम बोनसची कथा उलटी आहे. जुनी गाडी बदलून नवी घेणाऱ्याचा पाच वर्षांत क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर त्याला ५० टक्के सूट मिळते. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं की ते तीन वर्षं चालतं. हे ग्राहकाला कुणी सांगायचं? मी. आणि प्रीमियम निम्मा झाला की वाटा कुणाचा निम्मा होतो? आमचाच. मी सांगतो, हल्ली नेमानं सांगतो. पण ज्यानं सांगावं त्याचंच नुकसान होईल अशी रचना करून ठेवायची आणि मग त्याच्या चांगुलपणावर भिस्त ठेवायची, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

नियम नाहीत असं कुणी समजू नये. विमा नियामकानं १ नोव्हेंबर २०१७ पासून शोरूमना मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून चौकटीत घेतलं आणि कारच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर शोरूमला जास्तीत जास्त १९.५ टक्के मोबदला अशी हद्द घातली. २०२३ मध्ये कमिशनचे आकडे ठरवणं कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोडलं, वरून एकूण खर्चाची मर्यादा ठेवली. पॉलिसी कुठूनही घ्यायची मोकळीक ग्राहकाला आहे, सक्ती करता येत नाही. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीच्या विम्याचे, दर तर सरकारच ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या नव्या कारला तीन वर्षांचे १०,६४० रुपये अधिक जीएसटी, हा २०२२ मध्ये ठरलेला दर कुठल्याही कंपनीत तोच. म्हणजे दोन कोटेशनांत तुलना करायची ती फक्त उरलेल्या भागाची. आणि तीही करताना गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी आहे का ते आधी बघायचं. आयडीव्ही दाबून प्रीमियम स्वस्त दाखवणं ही माझ्या खुर्चीइतकीच जुनी युक्ती आहे.

अडचण अशी की नियम तुकड्यातुकड्यानं आहेत. कर्जाकडे रिझर्व्ह बँक बघते, विम्याकडे विमा नियामक, टॅक्स-पासिंगकडे आरटीओ. ग्राहकासमोर मात्र सगळं एका कोटेशनवर, एका टेबलावर, एका माणसाच्या तोंडून येतं. ते अख्खं कोटेशन कुणाच्याच अखत्यारीत नाही. भांडण झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण तिथं जायला आधी काहीतरी चुकलंय हे कळावं लागतं.

मालकांशी मी हे बोललो. ते चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "भाजीवाली गवार कितीला आणली ते लिहून ठेवते का?" मुद्दा चांगला आहे आणि मला त्याचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले. भाजीवाली विकायला बसली आहे हे गिऱ्हाईकाला माहीत असतं. ती "ताई, तुमच्या तब्येतीला गवारच बरी" असं म्हणत पांढऱ्या कोटात बसत नाही. माझ्या टेबलावर पांढरा कोट आहे. लोक मला भाऊसाहेब म्हणतात.

ब्रिटनमधल्या एका निकालाची मला या संदर्भात आठवण येते. तिथं व्याजदर चढवून विक्रेत्यानं स्वतःचं कमिशन वाढवून घ्यायची पद्धत वित्त नियामकानं २८ जानेवारी २०२१ पासून बंद केली होती. १ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं तीन ग्राहकांच्या खटल्यांत निकाल दिला. कोर्ट म्हणालं की गाडी विकणारा हा ग्राहकाचा विश्वस्त नसतो, तो स्वतःचा फायदा बघणार हे उघडच आहे. तरीही तिघांपैकी एकाच्या बाबतीत व्यवहार अन्याय्य ठरला, कारण कर्जावरच्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के एवढं कमिशन होतं आणि त्याला ते सांगितलेलं नव्हतं. 'उघडच आहे' हे तिथं खरं असेल. सांगलीत ते उघड नाही. म्हणून ते लिहायला लागेल.

आणि लिहिल्यानं धंदा बुडतो ही भीती आपल्याच देशात एकदा खोटी ठरली आहे. सेबीनं ऑक्टोबर २०१६ पासून म्युच्युअल फंडांच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत छापायला लावलं. त्याआधी जानेवारी २०१३ पासून कमिशनशिवायचे डायरेक्ट प्लॅनही आणले होते. वितरक संपले का? सांगलीत तरी नाहीत. विश्रामबागेत त्यांच्या पाट्या मोजायला गेलात तर चहा थंड होईल.

मालकांचा दुसरा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. गाडीच्या विक्रीत डीलरच्या हाती फार थोडं उरतं, यार्डातल्या गाड्यांवर व्याज चालू असतं, आणि ग्राहक जो डिस्काउंट मागतो तो या पेआउटमधूनच निघतो. आकडा छापला की ग्राहक म्हणणार, यातले निम्मे मला द्या. विम्याच्या बाबतीत तसं देताच येत नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधला हिस्सा ग्राहकाला परत करायला मनाई आहे. हे अजून आमच्या सेल्सच्या पोरांनाच माहीत नाही, गिऱ्हाईकाचं सोडा. कर्जाच्या बाबतीत मागेल, मागू द्या की. मॅटसाठी पाऊण तास भांडतो, साडेतेवीस हजारांसाठी दहा मिनिटं भांडला तर बिघडलं कुठं? गाडीवर परवडत नसेल तर गाडीवरचा डिस्काउंट कमी करा. आज एका हातानं वीस हजार सोडून दुसऱ्या हातानं तीस हजार घेतो, आणि ग्राहक पहिल्या हाताचे गोडवे गात घरी जातो.

पेआउट बंद करा असं मी म्हणत नाही, ते मला पटतही नाही. मी स्वतः त्या पेआउटवर जगतो, फक्त तेवढ्यासाठी नाही. गेल्या वर्षी पलूसकडच्या एका द्राक्षबागायतदाराची फाईल होती. पैसा भरपूर, आयटी रिटर्न नाही, कारण शेतीचं उत्पन्न. वर सिबिल पडलेलं, का तर मेव्हण्याला पतसंस्थेत जामीन राहिला होता आणि मेव्हण्यानं हप्ते थकवले. दोन ठिकाणी फाईल नामंजूर झाली. मग मी त्याच्याकडून तीन वर्षांच्या बेदाण्याच्या अडत्याच्या हिशोबपट्ट्या मागवल्या, सातबारा आणि बँकेतल्या जमेशी जुळवल्या, पतसंस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला आणायला लावला आणि तिसऱ्या ठिकाणी क्रेडिट मॅनेजरसमोर स्वतः जाऊन बसलो. पास झाली. हे मोबाईलवरच्या ॲपनं केलं नसतं. त्या कामाचे पैसे मला मिळायला हवेत आणि ते किती मिळाले हे त्या बागायतदाराला कळलं असतं तरी त्यानं आनंदानं दिले असते. उलट त्याला अजून वाटतं की मी ते फुकटात, ओळखीखातर केलं. पेटी घेऊन आला होता द्राक्षांची. मी घेतली. त्या वेळी जरा ओशाळलोच.

म्हणून ती ओळ. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये कर्ज देणाऱ्यानं, विम्याच्या प्रस्तावावर विमा कंपनीनं, आणि दोन्ही आकडे शोरूमच्या कोटेशनवर एकत्र. टक्क्यांत नको, टक्के कुणाला कळत नाहीत. रुपयांत. दोन्ही नियामकांनी एकाच दिवशी लावायला हवं, नाहीतर कर्जावरचं दाखवायचं आणि विम्यावरचं फुगवायचं, हे आम्ही आठवड्यात शिकू.

नियम येईल तेव्हा येईल. दोन महिन्यांपूर्वी मिरजेच्या एक शिक्षिका आल्या होत्या, एकट्याच, वही घेऊन. प्रत्येक ओळीला "हे कशाचं?" विचारत होत्या. शेवटी पेन थांबवून म्हणाल्या, "आणि यात तुम्हाला काय मिळतं?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी केबिनचं दार पुढे केलं आणि कोटेशनच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं दोन आकडे लिहिले, कर्जाचा आणि विम्याचा. त्यांनी पाहिले. वहीत उतरवून घेतले. म्हणाल्या, "एवढेच? मला जास्त वाटले होते."

कर्ज त्यांनी आमच्याकडूनच केलं, दर पाव टक्का कमी करून घेऊन. विमा बाहेरून आणला. डिलिव्हरीच्या दिवशी पॉलिसी तपासायला म्हणून मी हातात घेतली. झीरो डेप होतं, आयडीव्ही बरोबर होता, आणि इंजिन प्रोटेक्टही होतं.